‘वॉल-ई’वर लिहिताना: कचरा, खुर्ची आणि हात एकाच लेखात कसे आणायचे

‘वॉल-ई’ या ॲनिमेशनपटावरची रसग्रहणं मी बरीच वाचली आहेत. कचऱ्याने भरलेल्या पृथ्वीवर मागे उरलेला एक यंत्रमानव आणि अवकाशजहाजात राहणारी माणसं, अशी त्याची गोष्ट. काही विद्यार्थ्यांची, काही शिक्षकांची, काही चित्रपटमंडळात बोलायला उभं राहण्याआधी घाईत केलेली टिपणं. लिहिणाऱ्याने चित्रपट मनापासून बघितलेला असतो, तरी लेख फसतो, आणि बहुतेक वेळा एकाच तऱ्हेने फसतो. पहिला परिच्छेद प्रदूषणावर, दुसरा प्लास्टिकवर, तिसऱ्यात चित्रपटाची गोष्ट, चौथ्यात ‘माणूस यंत्राचा गुलाम झाला आहे’, आणि शेवटी निसर्ग वाचवण्याचं आवाहन. असा लेख चित्रपट न बघताही लिहिता येतो.

गडबड क्रमात आहे. लिहिणारा आधी विषय ठरवतो आणि मग त्याला पुरावा म्हणून चित्रपटातले प्रसंग गोळा करतो. खाली दिलेली पद्धत उलट्या दिशेने जाते: आधी पडद्यावरच्या वस्तू, मग त्या वस्तूंचं कोण काय करतं ते, आणि सगळ्यांत शेवटी आशयसूत्र. माझी धारणा अशी आहे की या चित्रपटात पर्यावरण आणि माणूस असे दोन वेगळे विषय नाहीतच. पृथ्वीवर साचलेला कचरा आणि जहाजातली तरंगती खुर्ची ही एकाच सवयीची दोन टोकं आहेत, आणि त्यांच्यामधला दुवा चित्रपट हातांमधून दाखवतो. पण हे माझ्याकडून उसनं घेऊ नका. टप्प्याटप्प्याने तुम्ही स्वतः तिथे पोहोचलात, तर लेखात जीव येईल. आणि वाटेत तुम्हाला दुसराच दुवा सापडला, तर तो जास्त चांगला.

## तयारी

चित्रपट सुमारे ९८ मिनिटांचा आहे. तो तीनदा बघायचा आहे (तिसऱ्यांदा फक्त काही भाग), तिन्ही वेळा वेगळ्या कामासाठी. एकाच दिवशी तीनदा बघू नका. मध्ये निदान एक रात्र जाऊ द्या.

एक वही घ्या आणि पानावर तीन रकाने आखा: ‘दिसलं’, ‘ऐकू आलं’, ‘वाटलं’. तिसरा रकाना सर्वांत अरुंद ठेवा. पहिल्या दोन रकान्यांत काही नसताना तिसरा भरायला लागलात, तर तिथेच थांबा आणि प्रसंग पुन्हा बघा.

लेख पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या कुणाचं परीक्षण वाचू नका. परीक्षणातलं एखादं चांगलं वाक्य डोक्यात बसलं की पुढे पडद्यावर तेच दिसत राहतं.

शक्य तेवढ्या मोठ्या पडद्यावर बघा. या चित्रपटाचा निम्मा आशय चौकटीच्या कडेला आहे: भिंतीवरच्या जाहिराती, वाळूत अर्धवट गाडलेल्या पाट्या, जहाजाच्या छतावरचं खोटं आकाश. हातातल्या फोनवर यातलं फारसं काही दिसत नाही.

सावधान: शेवटची श्रेयनामावली सुरू झाली की बंद करू नका. गोष्ट तिथे पुढे चालू राहते. ती न बघता ‘माणसं परत आली, पुढे काय झालं ते चित्रपट सांगत नाही’ असं लिहिलेले लेख मी वाचले आहेत.

## टप्पा १: पहिल्यांदा नुसतं बघा

पहिल्या वेळी काहीही लिहू नका. चित्रपट संपल्यावर दहा मिनिटांनी वही उघडा आणि आठवतील त्या फक्त पाच गोष्टी लिहा. विचार नकोत, दृश्यं हवीत. ‘माणसाचा एकटेपणा’ हे दृश्य नाही. ‘पावसात वॉल-ई बंद पडलेल्या ईव्ह या दुसऱ्या यंत्रमानवावर छत्री धरतो’ हे दृश्य आहे.

ही पाच दृश्यं जपून ठेवा. लेखाची सुरुवात बहुधा यांतल्याच एखाद्यातून होणार आहे.

## टप्पा २: तपशील पक्के करा

दुसऱ्यांदा बघण्याआधी हे काम उरका, कारण इथल्या चुका पुढच्या सगळ्या मांडणीत झिरपतात.

चित्रपट २००८ चा, पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओचा. दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन. ध्वनिरचना बेन बर्ट यांची, आणि वॉल-ईचा आवाजही त्यांचाच. २००९ च्या ऑस्कर सोहळ्यात त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचा पुरस्कार मिळाला. लेखासाठी एवढं पुरे. पुरस्कारांची यादी देऊ नका.

वॉल-ई हे नाव ‘वेस्ट ॲलोकेशन लोड लिफ्टर, अर्थ-क्लास’ याचं लघुरूप आहे. तो कचरा गोळा करून त्याचे चौकोनी ठोकळे दाबणारा यंत्रमानव. ईव्हचं काम वेगळं: पृथ्वीवर वनस्पती उरली आहे का ते शोधणं. पुष्कळ लेखांत रोपटं शोधण्याचं काम वॉल-ईवर टाकलेलं असतं. त्याला ते रोपटं नेहमीचं काम करताना सापडतं, एका जुन्या फ्रिजच्या आत. तो ते मातीसकट उचलतो आणि बुटात ठेवतो. ते काय आहे हे त्याला ठाऊक नसतं. हा फरक छोटा वाटेल, पण वॉल-ईला ‘पृथ्वीचा रक्षक’ म्हणायचं की नाही, हे त्यावरूनच ठरतं.

कालक्रमात तर सर्रास घोळ होतो. चित्रपटातली माणसं २१०५ साली पृथ्वी सोडतात, तीही पाच वर्षांच्या सहलीसाठी. त्या काळात यंत्रांनी पृथ्वी साफ करायची, असं ठरलेलं असतं. २११० मध्ये बाय एन लार्ज या कंपनीचा प्रमुख जहाजांच्या स्वयंचलित चालकांना गुप्त संदेश पाठवतो: सफाई जमली नाही, परत येऊ नका. गोष्ट घडते ती त्या सहलीला ७०० वर्षं झाल्यावर. कुठेही अणुयुद्ध नाही, उल्कापात नाही, शत्रू नाही. लोक हाकलले गेलेले नाहीत. ते सुट्टीवर गेले आणि सुट्टी संपलीच नाही.

सावधान: त्या गुप्त आदेशाचा क्रमांक ‘ए ११३’ आहे. त्यात गूढ अर्थ शोधू नका. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ द आर्ट्समधल्या, ॲनिमेशनचे विद्यार्थी जिथे शिकत त्या वर्गखोलीचा तो क्रमांक आहे, आणि तिथून बाहेर पडलेले कलावंत तो आपल्या अनेक चित्रपटांत खुणेसारखा पेरतात. खूण आणि प्रतीक यांतला फरक ओळखता आला नाही, तर लेख भरकटतो.

तपासणी: ‘ऑटो, म्हणजे जहाजाचा स्वयंचलित चालक, माणसांना परत का येऊ देत नाही?’ याचं उत्तर एका वाक्यात लिहा. ‘तो दुष्ट आहे’ असं लिहिलं असेल, तर संदेशाचा प्रसंग पुन्हा बघा. ऑटो ७०० वर्षांपूर्वीचा हुकूम पाळतो आहे. हुकूम देणारा माणूस होता.

## टप्पा ३: वस्तूंची यादी करा

आता दुसऱ्यांदा बघा, आणि या वेळी फक्त वस्तू टिपा. माझ्या मते संपूर्ण पद्धतीत याहून महत्त्वाचा टप्पा नाही, आणि नेमका हाच सगळे गाळतात.

वॉल-ईच्या घरात काय काय आहे ते लिहून काढा: दिवे, लायटर, रुबिकचा ठोकळा, चमचा आणि काटा एकत्र असलेलं एक साधन, जुनी व्हिडिओ टेप. त्या टेपवर ‘हॅलो, डॉली!’ हा १९६९ चा संगीतपट आहे. एवढं नोंदवून थांबू नका. प्रत्येक वस्तूला तीन प्रश्न विचारा:

– ती कुणी आणि कशासाठी बनवली होती?
– ती कचरा कधी झाली?
– वॉल-ई तिच्याशी काय करतो?

उदाहरण म्हणून अंगठीचा प्रसंग घ्या. वॉल-ईला एक डबी सापडते. तो ती उघडतो. आत हिऱ्याची अंगठी आहे. अंगठी तो टाकून देतो आणि डबी ठेवून घेतो, कारण ती उघडते आणि मिटते. प्रेक्षक हसतात आणि प्रसंग पुढे सरकतो. वहीत मात्र थांबा. अंगठीची किंमत माणसांनी ठरवली होती. ती माणसं गेली आणि किंमतही गेली. डबीचा उपयोग मात्र हाताळणाऱ्याला कळतो, त्याला बाजार लागत नाही. टाकाऊ काय आणि ठेवण्याजोगं काय, हे वस्तूत नसतं. ते बघणाऱ्याच्या नात्यात असतं. कचऱ्याबद्दल चित्रपटाला जे म्हणायचं आहे त्याचं बीज या काही सेकंदांत आहे, आणि त्यात ‘प्रदूषण’ हा शब्दही नाही.

चमचा-काट्याचा प्रसंगही असाच उकलून बघा. चमचे एका डब्यात, काटे दुसऱ्यात. हे साधन कुठल्या डब्यात टाकायचं? तो गोंधळतो आणि शेवटी त्याला मधोमध जागा देतो. नेमून दिलेलं काम वर्गवारीचं आहे, आणि त्या कामातच त्याला वर्गात न बसणारी गोष्ट भेटते. पुढे सबंध चित्रपटात असंच घडत जातं.

दहा-बारा वस्तू झाल्या की त्यांतल्या तीन निवडा. बाकीच्या सोडून द्या, कितीही आवडल्या तरी.

तपासणी: निवडलेल्या तीनपैकी निदान एक वस्तू जहाजातली असावी. सगळ्या पृथ्वीवरच्या असतील, तर तुमचा लेख पहिल्या तासाच्या आतच संपणार आहे. जहाजात बघण्यासारखं पुष्कळ आहे: तरंगती खुर्ची, तोंडासमोरचा पडदा, पेल्यातून प्यायचं जेवण, कप्तानाच्या दालनातली आधीच्या कप्तानांची चित्रं.

## टप्पा ४: आधी आवाज बंद, मग चित्र बंद

तिसऱ्या वेळी सबंध चित्रपट बघायची गरज नाही. सुरुवातीची वीस मिनिटं आवाज बंद करून बघा. मग जहाजात शिरल्यानंतरची दहा मिनिटं पडद्याकडे पाठ करून नुसती ऐका.

आवाज नसताना रंग दिसतात. पृथ्वी तपकिरी आणि पिवळट, धूळ सगळ्यांवर सारखी बसलेली. त्या रंगात हिरवं असं एकच टिकली येवढं रोपटं आहे. जहाजात रंगांची कमतरता नाही, पण ते जाहिरातींचे आणि दिव्यांचे. एका प्रसंगात उशिरा उठलेला कप्तान घड्याळाची चकती मागे फिरवतो आणि छतावरचा सूर्य दुपारवरून पुन्हा सकाळवर येतो. तिथे दिवसही आज्ञेत आहे.

नुसतं ऐकताना दुसरं काही कळतं. पृथ्वीवर वारा, पत्रा, चाकांचा खडखडाट, मध्येच टेपवरचं गाणं. जहाजात सूचना संपतच नाहीत. माणसं एकमेकांशी बोलतात तीही पडद्यातून, शेजारी तरंगत असताना.

संवाद कमी आहेत म्हणून ‘यात काही घडत नाही’ असं नोंदवू नका. शब्द नसतात तेव्हा क्रियापदं लिहा: उचलतो, दाबतो, रचतो, थबकतो, वळून बघतो.

## टप्पा ५: पर्यावरणाचं सूत्र शोधताना ‘कुणी’ विचारा

इथवर वही भरली असेल तर आता विचार सुरू करायला हरकत नाही.

पहिली चूक भाषेतच होते. ‘पृथ्वीवर खूप प्रदूषण झालं’, ‘कचरा वाढला’, ‘झाडं नष्ट झाली’. या वाक्यांत कर्ता नाही. चित्रपट मात्र कर्ता लपवत नाही. मालावर, इमारतींवर, जहाजावर एकाच कंपनीचं बोधचिन्ह आहे. वस्तू तिने विकल्या, कचरा दाबणारी यंत्रं तिची, पळून जायची सहलही तिनेच विकली. जहाजातली बाळं मुळाक्षरं शिकतात तीही तिच्या नावाने. तुमच्या मसुद्यातली ‘झालं’, ‘वाढलं’, ‘नष्ट झालं’ ही क्रियापदं अधोरेखित करा आणि प्रत्येकासमोर ‘कुणी?’ असं लिहा.

दुसरी गोष्ट: कचरा जातो कुठे, ते बघा. पृथ्वीवर वॉल-ई ठोकळे रचतो आणि ते मनोरे उंच इमारतींच्या बरोबरीला येतात. कचरा फक्त नीट रचला गेला, गेला कुठेच नाही. ईव्हला परत नेणारं यान अवकाशात झेपावतं तेव्हा पृथ्वीभोवती जुन्या उपग्रहांचं कवच फोडून बाहेर पडतं. मग जहाजाच्या पोटात तसेच, पण राक्षसी आकाराचे यंत्रमानव तसेच ठोकळे दाबून अवकाशात सोडतात. ७०० वर्षांत जागा बदलली, रीत तीच राहिली. ‘बाहेर टाकणं’ या कल्पनेलाच चित्रपट तीन वेळा हात घालतो. ही तीन दृश्यं एका परिच्छेदात शेजारीशेजारी ठेवली, तर वेगळं भाष्य करायची गरज उरत नाही.

विज्ञानाचा आधार घ्यायचा असेल तर जपून घ्या. अवकाशातला कचरा खरा आहे. तुकडे एकमेकांवर आदळून तुकड्यांची संख्या वाढत जाईल, हा धोका डोनाल्ड केसलर आणि बर्टन कूर-पॅले यांनी १९७८ सालीच मांडला होता. पण पडद्यावरचं दाट कवच ही अतिशयोक्ती आहे, आणि ती अतिशयोक्ती म्हणूनच लिहावी. तसंच रोपट्याचं. बंद फ्रिजच्या अंधारात रोपटं कसं तगलं, यावर वाद घालू नका. गोष्टीत त्याचं काम पुराव्याचं आहे: इथे पुन्हा काही उगवू शकतं, एवढंच ते सांगतं. ‘एका रोपट्याने पृथ्वी वाचली’ असं चित्रपट म्हणत नाही.

तपासणी: पर्यावरणाचा परिच्छेद वाचा. त्यातली चित्रपटाची नावं खोडली आणि परिच्छेद तरी तसाच उभा राहिला, तर तो चित्रपटाविषयी नाही. पुन्हा लिहा.

## टप्पा ६: माणसाचं सूत्र, ‘आळशी’ हा शब्द न वापरता

जहाजातल्या माणसांवर लिहिताना ‘आळशी’, ‘ऐदी’, ‘सुखलोलुप’ हे शब्द स्वतःला मनाई करून बघा. काय उरतं?

उरतं ते असं. या माणसांनी खुर्ची निवडलेली नाही. ते खुर्चीत जन्मले. कप्तानांची चित्रं क्रमाने बघा. पहिला सडपातळ, आणि पुढचा प्रत्येक जण थोडा अधिक फुगीर. शिवाय पहिल्या चित्रातला माणूस खऱ्या छायाचित्रासारखा आहे आणि शेवटचे ॲनिमेशनमधले. कंपनीचा प्रमुखही खऱ्या नटाने साकारला आहे. खऱ्या माणसापासून रेखाटलेल्या माणसापर्यंतचा हा प्रवास एका भिंतीवर मांडलेला आहे आणि त्यावर कुणी एक शब्द बोलत नाही. माझ्या दृष्टीने माणसाविषयी यापेक्षा धारदार विधान चित्रपटात दुसरं नाही.

शरीर बदलण्याचं कारण चित्रपटातच येतं. कंपनीचा जुना निरोप अवकाशातल्या वास्तव्याने हाडं झिजण्याचा उल्लेख सहज, विनोदासारखा करतो. ही झीज खरी असते: अवकाशस्थानकावर राहणाऱ्यांच्या वजन पेलणाऱ्या हाडांची घनता महिन्याला साधारण १ ते १.५ टक्क्याने घटते, आणि म्हणूनच त्यांना रोज व्यायाम करावा लागतो.

इथे एक आक्षेप प्रामाणिकपणे घ्यायला हवा. लठ्ठ शरीर दाखवून नैतिक घसरण सुचवणं अन्यायाचं आहे, अशी टीका या चित्रपटावर झाली आहे, आणि ती मला बिनबुडाची वाटत नाही. लेखात ती टाळू नका. पण मग पुढचंही बघा: मेरी या प्रवासिनीसमोरचा पडदा वॉल-ईमुळे बंद पडतो आणि ती आजूबाजूला बघते. जहाजावर पोहायचा तलाव आहे हे तिला आत्ता कळतं. तिचं शरीर तेच आहे. बदलली ती नजर. शरीराला दोष देणारा लेख लिहिला, तर हा प्रसंग तुमच्या हातून निसटणार.

सावधान: ‘यंत्रं वाईट, माणूस बिचारा’ ही मांडणी टिकत नाही. जहाजातल्या माणसांना जागं करणारी दोन यंत्रंच आहेत. त्यांना रोखणारंही यंत्रच आहे, आणि त्याला हुकूम माणसाने दिलेला आहे.

## टप्पा ७: दोन्ही सूत्रं एका गाठीत बांधा

बहुतेक लेख इथे पोहोचण्याआधीच संपतात. पर्यावरणाचा एक परिच्छेद, माणसाचा एक, आणि मध्ये ‘तसेच’.

‘तसेच’ खोडा. त्या जागी दोन्ही बाजूंना पुरून उरेल अशी एक गोष्ट शोधा. ती पडद्यावर वारंवार दिसणारी हवी, नुसती कल्पना नको. मला हात सापडले, म्हणून तेच उदाहरण उलगडून दाखवते.

वॉल-ई टेपमध्ये दोन माणसांना हात धरताना बघतो आणि आपलेच दोन पंजे एकमेकांत अडकवतो. त्याचे पंजे कचरा उचलायला बनवलेले आहेत. जहाजातल्या माणसांच्या हातांना काम नाही. वस्तू त्यांच्या हातात आणून दिली जाते. खिडकीबाहेर वॉल-ई आणि ईव्ह अवकाशात भिरभिरत असतात, ते बघताना जॉन हा दुसरा प्रवासी आणि मेरी यांचे हात चुकून एकमेकांना लागतात आणि दोघं दचकतात. कप्तान वॉल-ईशी हात मिळवतो तेव्हा त्याच्या तळव्यावर धूळ राहते. ती काय आहे हे त्याला माहीत नाही. तो संगणकाला विचारतो, माती हा शब्द कळतो, मातीवरून पृथ्वी, पृथ्वीवरून समुद्र, शेती, नाच. तो रात्रभर विचारत राहतो.

मातीचा हा प्रसंग दोनदा बघा. पृथ्वीवरची घाण म्हणून जी गोष्ट मागे टाकली, ती हस्तांदोलनातून जहाजात आली, आणि तिच्यातून माणसाला आपलं घर आठवलं. पर्यावरणाचं सूत्र कुठे संपलं आणि माणसाचं कुठे सुरू झालं, हे आता वेगळं काढता येत नाही. सफाई करणारा छोटा यंत्रमानव मो त्याच धुळीच्या मागे लागतो आणि आयुष्यात पहिल्यांदा जमिनीवर आखलेली रेषा सोडतो. धूळ ज्याच्या त्याच्यापर्यंत पोहोचते आणि प्रत्येकाला नेमून दिलेल्या वाटेवरून बाहेर काढते.

मग कप्तान. तो खुर्चीतून उठतो, स्वतःच्या पायांवर उभा राहतो आणि हाताने कळ दाबून ऑटोला बंद करतो. नुसतं तगून राहणं मला नको, मला जगायचं आहे, अशा अर्थाचं तो बोलतो. हे वाक्य लेखाचं शीर्षक करण्याचा मोह फार जणांना होतो. मी म्हणेन, वाक्य सोडा, हात बघा. कचरा साचला कारण टाकणाऱ्या हातांनी उचलायचं काम दुसऱ्यावर सोपवलं. माणसं खुर्चीत गेली कारण उरलेली कामंही सोपवली. कप्तान एक काम परत आपल्या हातात घेतो.

चित्रपटाच्या गाभ्याशी प्रेम आहे, पर्यावरणाचा प्रचार हा आपला हेतू नव्हता, असं दिग्दर्शकाने मुलाखतींत सांगितलेलं आहे. याचा उपयोग ‘बघा, पर्यावरण नाहीच’ असं सिद्ध करायला करू नका. गाठ शोधायला करा. शेवटी दुरुस्त झालेला वॉल-ई सगळं विसरून आपल्याच संग्रहातल्या वस्तू चिरडायला लागतो. म्हणजे तो त्याचं नेमून दिलेलं काम अचूक करत असतो. ईव्ह त्याचा हात धरते तेव्हा तो परततो. वस्तूची कदर आणि दुसऱ्याची कदर एकाच स्मृतीत राहतात, एक गेली की दुसरीही जाते.

तपासणी: तुमची गाठ एका वाक्यात लिहा. त्या वाक्यात एक दिसणारी वस्तू किंवा कृती असायलाच हवी. ‘माणूस आणि निसर्ग यांचं नातं’ ही गाठ नाही.

## टप्पा ८: एक आक्षेप निवडा

लेखाला विरुद्ध बाजू लागते, पण एकच घ्या. शरीराचा आक्षेप वर आलाच आहे. दुसरा असा: अतिखरेदीवर बोट ठेवणारा चित्रपट स्वतः खेळण्यांसह विकला गेला. तिसरा असा: परतल्यावरचा कठीण काळ श्रेयनामावलीत गुंडाळला.

तिसरा घेणार असाल तर ती श्रेयनामावली चौकट थांबवून बघा. गुहाचित्रांपासून सुरू होऊन इजिप्त, ग्रीस, युरोपातल्या चित्रशैलींमधून माणसं आणि यंत्रमानव मिळून विहिरी खणतात, पेरतात, मासे पकडतात. मोठ्या झाडाच्या मुळाशी तोच बूट आहे. ही पळवाट आहे की कलेचा इतिहास पुन्हा शून्यापासून शिकण्याची गोष्ट? मी दुसऱ्या बाजूची आहे. तुम्ही तुमची बाजू घ्या, पण दृश्य दाखवून.

## टप्पा ९: मसुदा

सुरुवात पहिल्या टप्प्यातल्या पाच दृश्यांपैकी एकाने करा. दोन मसुदे शेजारी ठेवते.

फसलेला: ‘आज संपूर्ण जगाला प्रदूषणाचा विळखा पडला आहे. अशा परिस्थितीत हा चित्रपट आपल्याला विचार करायला लावतो.’

जमलेला: ‘वॉल-ई हिऱ्याची अंगठी टाकून देतो आणि डबी ठेवून घेतो. अंगठीची किंमत ठरवणारं कुणी आता पृथ्वीवर नाही.’

दुसऱ्यात वाचकाला लगेच काहीतरी दिसतं, आणि पुढे काय येणार याची उत्सुकता राहते.

गोष्ट सांगण्यात चार-पाच वाक्यांहून जास्त घालवू नका. प्रसंग वर्तमानकाळात लिहा; ‘तो उचलतो’, ‘ती बघते’. भूतकाळ फक्त चित्रपटाआधी घडलेल्या घटनांसाठी ठेवा, नाहीतर २१०५ आणि ७०० वर्षांनंतरचं यांची सरमिसळ होते. गाठीचा परिच्छेद सर्वांत लांब असू द्या. बाकीचे परिच्छेद त्याच्या मापाचे करण्याची गरज नाही. विज्ञानाचा उल्लेख दोन वाक्यांत संपला तरी चालतो.

गटात चर्चा घेणार असाल, तर हाच क्रम ठेवा. ‘संदेश काय?’ हा प्रश्न विचारलात की पहिल्या मिनिटात सगळे एकच उत्तर देतात आणि चर्चा संपते. त्याऐवजी मातीच्या प्रसंगाची तीन मिनिटं दाखवा आणि विचारा, ‘कप्तानाच्या हाताला काय लागलं?’

## टप्पा १०: शेवटचा हात फिरवताना

मसुदा मोठ्याने वाचा आणि या जागा तपासा:

– पात्रांची नावं आणि कामं बरोबर आहेत का? ईव्ह शोधते, वॉल-ई दाबतो, मो पुसतो, ऑटो जहाज चालवतो.
– प्रत्येक मताच्या आधी किंवा नंतर दोन वाक्यांच्या आत एखादं दृश्य आहे का?
– कर्त्याविना ‘झालं’ कुठे उरलंय का?
– ‘आपल्याला शिकवतो’, ‘संदेश देतो’, ‘डोळ्यांत अंजन घालतो’ ही पदं किती वेळा आली? सगळी काढा आणि त्या जागी काय दिसतं ते लिहा.
– आक्षेप घेतला असेल, तर त्याला उत्तर देण्याआधी तो पूर्ण ताकदीने मांडला आहे का?

आता शेवटचा परिच्छेद बघा. तो ‘म्हणून आपण सर्वांनी’ असा सुरू होत असेल, तर तो काढून टाका आणि त्याच्या आधीचा परिच्छेद पुन्हा वाचा. बहुतेक वेळा लेख तिथेच पुरा झालेला असतो. शीर्षक त्यानंतर द्या, आणि ते तुमच्या गाठीतूनच घ्या.